फुली मारलेले पाव

"अगं, सगळ्यांवर फुल्या का मारल्यास? बिघडले का?"

व्हिडिओ कॉलवर आईने विचारलेला हा प्रश्न. 2024चा गुड फ्रायडे होता, 29 मार्च. इकडे इंग्लंडात सकाळचे अकरा, तिकडे साताऱ्यात साडेचार, म्हणजे तिच्या चहाची वेळ. मी ओव्हनमधून नुकताच ट्रे काढला होता, फोन साखरेच्या बरणीला टेकवला होता आणि तिला नीट दिसावं म्हणून ट्रे कॅमेऱ्यासमोर जरा तिरपा धरला होता. बारा बन्स, एकमेकांना खेटून बसलेले, वरून खारकेच्या रंगाचे, आणि प्रत्येकावर पांढरी खूण. ट्रे तिरपा झाल्यामुळे अधिकच्या चिन्हाचं गुणिलेचं चिन्ह झालं असणार. आईने चष्मा वर सरकवला, बशीतला चहा तसाच ठेवला आणि हे विचारलं. मी हसले. फुल्या नाहीत गं, क्रूस आहे तो, हॉट क्रॉस बन्स म्हणतात, आजच्या दिवशी इथे खातात, असं सगळं सांगितलं. "असं होय," ती म्हणाली, आणि मग बोलणं नळाला येणाऱ्या गढूळ पाण्यावर गेलं, तिथून वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंवर. फोन ठेवल्यावर मी एक बन उलगडून बघितला. वरचा भाग ठीक होता, पण बुडाशी बोटभर थर नुसता गच्च, ओलसर, दाबला की दबलेलाच राहणारा. वास असा की शेजाऱ्यांनी चौकशीला यावं. पण बिघडले होते. बाराच्या बारा.

सात हजार किलोमीटरवरून तिने ते ओळखलं होतं, किंवा ओळखलं नव्हतं आणि सहज विचारलं होतं. मला दोन्हींचा सारखाच राग आला.

ज्यांच्या घरात शिक्षक नव्हते त्यांना फुली या शब्दात एवढं चिडण्यासारखं काय आहे ते कळायचं नाही. त्यांच्यासाठी फुली म्हणजे वहीच्या शेवटच्या पानावरचा फुली-गोळा. माझी आई तेहतीस वर्षं हायस्कूलला गणित शिकवत होती आणि आठवी-नववीला ती मलाच शिकवायला होती. घरातून निघताना आई, शाळेचं फाटक ओलांडलं की बाई. एकदा वर्गात उभी राहून मी चुकून "आई, हे कळलं नाही" म्हणाले, तर सबंध वर्ग खिदळला आणि पुढची दोन वर्षं ते वाक्य माझ्या मागे लागलं. तिची फुली दोन फटक्यांची असायची. पहिली रेघ वरून खाली, सावकाश, जणू अजून विचार चाललाय. दुसरी झर्रकन, तिला छेदून. लाल रिफिल इतकी दाबून चालायची की कागदाच्या मागच्या बाजूने बोट फिरवलं तरी फुली हाताला लागायची. आठवीच्या एका घटक चाचणीत मी समीकरण मनातल्या मनात सोडवलं आणि नुसतं उत्तर लिहून मोकळी झाले. उत्तर बरोबर होतं. तिने फुली मारली आणि शेजारी लिहिलं, "रीत?" मी घरी येऊन रडले, भांडले, जेवले नाही. तिने माझ्या ताटावर ताट झाकून ठेवलं आणि म्हणाली, "उत्तर काय, शेजारच्या बाकावरून पण मिळतं. रीत मिळत नाही." तेव्हा तिचं हे वाक्य मला अन्याय वाटलं होतं. अजूनही थोडंसं वाटतं.

आणि तरी तिच्या त्या पेपरांची आठवण काढली की रागाच्या आधी वास येतो. घटक चाचण्यांचे गठ्ठे आणि होळी नेहमी एकाच सुमाराला यायची. चण्याची डाळ शिजायला टाकायची, तोवर दहा पेपर. पुरण शिजताना ते हलवायला माझी नेमणूक, म्हणजे अंगावर उडणारे चटके माझ्या वाट्याला, तोवर आणखी दहा. मग ती सहाण काढायची, दुधाचे दोन थेंब टाकून जायफळ उगाळायची, ते गंध पुरणात घालायची आणि हात नुसता पदराला पुसून पुन्हा गठ्ठ्याकडे वळायची. पानांच्या कोपऱ्यांवर पिवळट बोटं उमटायची. एकदा वर्गात पेपर वाटले तेव्हा माझ्या मागच्या बाकावरच्या मुलीने तिचा पेपर नाकाशी धरला आणि हळूच म्हणाली, "बाईंकडे आज पुरणपोळी होती." तिला पंचवीसपैकी नऊ होते. तिच्या सगळ्या फुल्यांना जायफळाचा वास येत होता.

इंग्लंडला मी आले ती भर जानेवारीत. सुपरमार्केटमध्ये तेव्हाच हे बन्स मांडलेले होते, कारण ख्रिसमसचा माल उतरला की दुसऱ्या दिवशी ईस्टरचा चढतो. पण मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या वर्षी मी बटाटे आणि पावसापलीकडे फारसं कशाकडे बघत नव्हते. मग गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी ऑफिसच्या स्वयंपाकघरात कुणीतरी बन आडवा कापून टोस्टरमध्ये घातला आणि वास माझ्या टेबलापर्यंत आला. मी उठून उभी राहिले. काय शोधायचं तेच कळेना. दालचिनी ओळखीची होती, लवंग होती, पण त्यांच्या खाली आणखी काहीतरी होतं, ते माझ्या घरातलं होतं आणि तरी तिथलं नव्हतं. जायफळ. मला जायफळ फक्त ओलं माहीत होतं, पुरणातलं, श्रीखंडातलं, लहान बाळाला उगाळून चाटवायचं. भाजलेलं जायफळ मी पहिल्यांदा हुंगत होते. टोस्टरवाल्या बाईंनी न विचारता अर्धा बन माझ्या हातावर ठेवला, वर खारं लोणी, वितळून कडेने ओघळणारं. एक मनुका टोस्टरच्या तारेला लागून करपली होती आणि तिचा तो कडवट गोडवा मला अजून सगळ्यात जास्त आवडतो.

पुढची काही वर्षं दुकानातलेच आणले. पौंड-दीड पौंडाला चार मिळतात, वाईट नसतात, पण दुसऱ्या दिवशी कापसासारखे लागतात. शिवाय दर वर्षी नवा चेकाळलेपणा असतो. चॉकलेटचे, खारट कॅरॅमलचे, एकदा तर चीज आणि मार्माइट, म्हणजे यीस्टचा खारट काळा लेप, घातलेले पाहिले. मी सोवळी नाही, पण ज्या पदार्थाची सगळी पुण्याई मसाल्याच्या वासात आहे त्यात मार्माइट घालणं म्हणजे बासुंदीला लसणाची फोडणी.

घरी करायला मात्र मला बरीच वर्षं धीर झाला नाही. त्याला कारण आजी. आमच्या घरात पाव हा आजारपणाचा पदार्थ होता. ताप आला की चहात बुडवून, एरवी नाही, कारण "तो पायाने मळतात, म्हणून तर पाव म्हणायचं." हा शब्द पोर्तुगीजांच्या 'पांव'वरून आला आणि त्याचा पायाशी संबंध नाही, हे कळलं तोवर मी पंचविशीची होते. पण मनातून ते गेलं नाही. पोळी घरी होते आणि पाव बाहेरून येतो, ही माझ्या डोक्यातली जुनी वाटणी होती. यीस्टचं पाकीट पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा मी ते उलटसुलट करून अशी वाचत होते, जणू आत औषध आहे.

पहिल्या वर्षी मी दूध उकळून तसंच यीस्टवर ओतलं. दूध तापवलं की उकळायचंच, हे हाताला इतकं पक्कं आहे. यीस्ट जिवंत असतं, साठ अंशांच्या आसपास ते मरतंच, आणि माझं दूध शंभराच्या जवळ होतं. चार तास वाट पाहिली. गोळा होता तसा, वरून फक्त सुरकुतला. दुसऱ्या वर्षी घरात दहा किलो चपातीच्या आट्याचं पोतं होतं, ते असताना वेगळं पीठ कशाला आणायचं म्हणून त्याचेच केले. आट्यातला कोंडा पिठाचे ताणलेले धागे सुरीसारखा कापत जातो, त्यामुळे हवा धरून ठेवायला काही उरतच नाही. ते बन्स आम्ही आठवडाभर दुधात भिजवून खाल्ले आणि नवऱ्याने शेवटपर्यंत एक शब्द काढला नाही, हे मी त्याच्या खात्यावर जमा धरलंय. तिसऱ्या वर्षी मसाल्यात हात सैल सुटला. इथे मिक्स्ड स्पाइस नावाची तयार पूड मिळते, तिच्यात दालचिनी, जायफळ, लवंग, सुंठ, ऑलस्पाइस आणि चक्क धने असतात. गोडात धने! मी डबी उघडून पुन्हा पुन्हा वास घेतला. धने ओळखूच येत नव्हते, पण ते आहेत हे कळल्यावर मला ती पूड एकदम नात्यातली वाटली. मग एका चमच्याऐवजी चार घातले, वरून आपली वेलची. पुन्हा पीठ फुगेना. दालचिनीच्या ज्या तेलामुळे तिला वास आहे तेच तेल यीस्टला मानवत नाही. साखर यीस्टच्या तोंडचं पाणी ओढून घेते. लोणी पिठाच्या धाग्यांना लपेटून बसतं. म्हणजे बनला चव देणारी प्रत्येक गोष्ट त्याच्या फुगण्याच्या मुळावर उठलेली असते. साधा पाव तासाभरात दुप्पट होतो तिथे हे पीठ माझ्या अठरा अंशांच्या स्वयंपाकघरात तीन-तीन तास लोळत पडतं.

त्यातून हळूहळू हात बसला. आता माझं माप ठरलंय: 500 ग्रॅम ब्रेड फ्लोअर, सात ग्रॅमचं यीस्टचं एक पाकीट, 75 ग्रॅम साखर, 50 ग्रॅम लोणी, एक अंडं, 300 मिलिलिटर दूध, तेही करंगळी बुडवली तर काहीच वाटू नये इतकंच कोमट. मीठ विसरायचं नाही. मनुका आदल्या रात्री कोऱ्या चहात भिजवायच्या, नाहीतर त्या पिठातलं पाणी पिऊन टाकतात आणि बन कोरडा पडतो. पीठ सुरुवातीला इतकं चिकट असतं की हाताला मोज्यासारखं चढतं. तेव्हा वरून पीठ भुरभुरवायचा जो मोह होतो तो आवरायचा, हीच काय ती अवघड गोष्ट. ओढायचं, दुमडायचं, आपटायचं, दहा-बारा मिनिटं. सातव्या-आठव्या मिनिटाला ते एकदम ओटा सोडतं. इथल्या पुस्तकांत म्हणतात की पिठाचा तुकडा बोटांवर ताणून खिडकीसमोर धरा, न फाटता पलीकडचा उजेड दिसला पाहिजे. हे वाचून मी थबकले, कारण ही कणीक मला माहीत होती. पुरणपोळीची. तेलपाण्याने तिंबून तिंबून इतकी लवचीक केलेली की पुरणाच्या गोळ्याभोवती तिचा पापुद्रा चढावा आणि लाटताना आतला पिवळा रंग वरून दिसावा, पण फुटू नये. 'मळणे' आणि 'तिंबणे' यांतला फरक मला इंग्रजीत कधी कुणाला सांगता आलेला नाही. बन्सचं पीठ मळायचं नसतं, तिंबायचं असतं. हे मला पुस्तकाने सांगितलं असतं तर तीन वर्षं वाचली असती.

मग 2024चे का बिघडले? माप बरोबर होतं, तिंबणं बरोबर होतं, दूध कोमट होतं. बिघडले ते घाईने. गोळे करून ट्रेमध्ये मांडले की ते पुन्हा एकदा फुगू द्यावे लागतात, आणि बोटाने हलकेच दाबल्यावर खळगा सावकाश, आळस दिल्यासारखा भरून आला की मगच आत घालायचे. खळगा टणकन भरला तर अजून वेळ आहे. त्या दिवशी तो टणकन भरत होता. पण घड्याळात साडेदहा झाले होते, आईच्या चहाची वेळ होत आली होती आणि मला तिला ताजे, वाफाळते बन्स दाखवायचे होते. मी ट्रे आत ढकलला. अर्धवट फुगलेल्या पिठाचं तेच होतं, वरून फुलतं आणि बुडाशी चिकटून बसतं.

तिला दाखवायच्या घाईत बिघडले, आणि दाखवल्यावर तिने विचारलं, बिघडले का.

क्रूसाचंही माझ्या मनात तोवर पूर्ण मिटलेलं नव्हतं. मुलगी सात वर्षांची असताना तिने सरळ विचारलं होतं, आपण चर्चमध्ये जात नाही, तर आपण पावावर क्रूस का काढतो? मी काहीतरी गोलमोल उत्तर दिलं. त्या वर्षी मुद्दाम क्रूस न काढता केले. ते चांगले झाले होते, पण मुलीने ट्रेकडे बघून "हे तर नुसते मनुकांचे पाव आहेत" असं म्हणून निकाल लावला. बरं, क्रूस म्हणजे तरी काय असतं? मैदा आणि पाणी. ना साखर, ना मीठ. कोनातून बारीक धार सोडायची आणि भाजायचं. खाताना तेवढ्या रेघेला काहीच चव नसते. मी दुसऱ्याच्या देवाची खूण हाताने काढते आणि तीच फक्त बेचव लागते, याचा मला कधी दिलासा वाटतो, कधी ओशाळल्यासारखं होतं. मी ठरवणं सोडून दिलंय.

आई आली ती पुढच्या वर्षी, एप्रिल 2025 मध्ये. बॅगेत मेतकूट, कुळथाचं पीठ आणि चालू वर्षाचं कालनिर्णय, कारण "तिकडच्या कॅलेंडरवर तिथ्या नसतात." गुड फ्रायडे अठरा तारखेला होता. आदल्या दिवशी मी मनुका भिजवत होते तर ती शेजारी येऊन उभी राहिली. "गेल्या वर्षी तू मार्चमध्ये केले होतेस हे पाव. मी पाचच दिवस आधी पुरण घातलं होतं. यंदा एप्रिल उजाडला?" म्हणजे तिच्या लक्षात होतं. मी म्हटलं, ईस्टर चंद्रावर चालतो. 21 मार्चला किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा येईल तिच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर, आणि त्याच्या आधीचा शुक्रवार हा. आईचा चेहरा असा उजळला जसा मी तिला मुलगी झाल्याचं सांगितलं तेव्हाही उजळला नव्हता. तिने कालनिर्णय काढलं, एक जुनं पाकीट उलटं केलं आणि पेन घेतलं. गेल्या वर्षीची होळी 24 मार्चची, म्हणजे पौर्णिमा एकविसाच्या पुढची, म्हणून पुढचा रविवार 31 मार्च. बरोबर. यंदा होळी 13 मार्चला, एकविसाच्या आत, म्हणून ती पौर्णिमा बाद. पुढची कुठली? चैत्री, हनुमान जयंती, 12 एप्रिल. पुढचा रविवार तेरा तारखेला येतो की गं? इथे ती अडकली. मी सांगितलं की चर्चची पौर्णिमा त्यांच्या स्वतःच्या जुन्या कोष्टकावरून काढतात, ती यंदा तेरालाच पडली, आणि पौर्णिमा रविवारी आली तर त्याच्या पुढचा रविवार धरायचा. "असं होय," ती म्हणाली. पण हे "असं होय" फोनवरच्यासारखं नव्हतं. तिने पाकिटावर 20 लिहिलं आणि खाली दुहेरी रेघ मारली.

शुक्रवारी सकाळी पीठ तिनेच तिंबलं. मी फक्त ओढणं-दुमडणं दाखवलं, दुसऱ्या मिनिटाला तिने मला बाजूला केलं. बांगड्या कोपरापर्यंत सारलेल्या, तळव्याची टाच पिठात रोवलेली, आणि दर चार-पाच फेऱ्यांनी तोच जुना हुंकार. पीठ फुगायला ठेवलं आणि आम्ही दोघी खिडकीशी बसलो. तीन तास काढायचे होते. मी तिला मला माहीत असलेल्या गोष्टी सांगत गेले. सेंट ऑल्बन्सच्या मठातल्या एका साधूने 1361 साली गुड फ्रायडेला गोरगरिबांना असे बन वाटले म्हणतात, आणि तिथल्या बन्सवर अजूनही क्रूस पिठाने काढत नाहीत, सुरीने चिरतात. पुढे राणी एलिझाबेथच्या काळात, 1592 मध्ये, लंडनच्या बाजार-अधिकाऱ्याने हुकूम काढला की असे मसाल्याचे पाव एरवी विकायचे नाहीत, फक्त गुड फ्रायडेला, ख्रिसमसला आणि कुणाच्या अंत्यविधीला. पकडलेला माल गरिबांना वाटून टाकायचा. आईने मला थांबवलं. "म्हणजे दिवाळीला आणि दहाव्याला एकच पदार्थ?" मी म्हटलं, हो. ती बराच वेळ हसत राहिली. मग म्हणाली, "पण वासाचं म्हणशील तर बरोबरच आहे. तुझ्या आजोबांच्या तेराव्याच्या गोडात पण जायफळ होतं."

मग मी तिला पूर्व लंडनमधल्या डेव्हन्स रोडवरच्या पबची गोष्ट सांगितली. त्याचं नावच विधवेचा मुलगा, 'द विडोज सन'. दंतकथा अशी की त्या जागी एक विधवा राहायची. तिचा एकुलता मुलगा जहाजावर गेला आणि जाताना सांगून गेला की गुड फ्रायडेला येतो, माझा बन ठेव. तो आला नाही. ती दर वर्षी एक नवा बन ठेवत राहिली. ती गेल्यावर तिच्या झोपडीत छताला टांगलेले ते सगळे बन सापडले. पुढे 1848 मध्ये तिथे पब झाला आणि गुड फ्रायडेला एखाद्या नौसैनिकाने येऊन जाळ्यात आणखी एक बन टाकायचा, अशी तिथली प्रथा पडली. मला वाटलं होतं की आईला या गोष्टीने गलबलून येईल. मला स्वतःला पहिल्यांदा वाचताना आलं होतं, आणि आता ती समोर असताना ही गोष्ट सांगण्यात माझा थोडा डावही होता. ती म्हणाली, "बुरशी नाही लागत?" मी म्हटलं, लोक म्हणतात गुड फ्रायडेच्या बनला बुरशी लागत नाही. "काहीतरीच," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, खिडकीबाहेर बघत, "पण आला नसता तरी कळवायचं तरी."

मी गप्प बसले. पहिली दोन वर्षं मी पंधरा-पंधरा दिवस फोन करत नसे.

गोळे तिने केले, बारा, एकेक तळव्याखाली गोल फिरवून. वजनकाटा तिला चालेना, पण मी चोरून दोन गोळे मोजले तर तीन ग्रॅमचा फरक होता. ट्रेमध्ये मांडले, चार-चारच्या तीन ओळी. तासाभराने मी बोटाने एक दाबून बघितला. ठीक वाटला, ओव्हन लावायला वळले. आईने दुसरा दाबला. खळगा भरून आला, जरा लवकरच. "थांब अजून," ती म्हणाली. "कुठे जायचंय आपल्याला?" आणखी पंचवीस मिनिटं गेली. तोवर तिने मैदा आणि पाणी कालवून घेतलं, झिपलॉकची पिशवी तिरकी गुंडाळून मेंदीच्या कोनासारखा कोन केला आणि टोक दातांनी नव्हे, कात्रीने कापलं, हे मुलीला मुद्दाम दाखवून.

मी तिला सांगायला लागले की प्रत्येकावर एक उभी, एक आडवी. ती ट्रेकडे बघत होती. "चोवीस रेघा कशाला?" ती म्हणाली. "तीन लांब, चार आखूड. सातात बारा फुल्या होतात." मी सहा वर्षं एकेक बन धरून चोवीस रेघा काढत आले होते. तिने कोन हातात घेतला. हात आता थोडा कापतो तिचा, पण पहिली रेघ तिने एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे न थांबता ओढली, चारही बन्सच्या माथ्यांवरून, मधल्या फटींत जराशी खाली उतरून पुन्हा वर चढत. सावकाश. मग दुसरी, तिसरी. आडव्या रेघांना तिचा वेग वाढला. झर्रकन एक, झर्रकन दोन, तीन. तिचा तो दुसरा फटका मी तीस वर्षांनी बघत होते. पांढऱ्या पिठाचा होता आणि मागच्या बाजूने हाताला लागणार नव्हता.

सातव्या रेघेला कोन फुसफुसला. दोन बन्स झाले आणि कोपऱ्यातल्या शेवटच्याच्या अलीकडे धार संपली. त्याच्यावर नुसती एक रेघ राहिली.

"परत कालवू थोडं?" मी विचारलं.

आईने चष्मा वर सरकवून ट्रे नीट बघितला. "नको," ती म्हणाली. "तेवढा एक बरोबर असू दे."